रोजची एक घटका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



‘बुद्धिबळात प्रगती कशी करावी’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. भजन, पाककृती आणि नाट्यछटा यांच्या मध्ये हा रुक्ष विषय कोण ऐकून घेणार, अशी शंका मनात आली. परंतु गेले दोन महिने आपल्या बुधवारच्या बुद्धिबळ वर्गाबद्दल मंडळात बरीच बोलणी चालली आहेत. वर्ग सुरू झाला तेव्हा चौदा जणी येत होत्या. आता पाच येतात. बुधवारची खोली बुद्धिबळाला ठेवावी की शिवणवर्गाला द्यावी, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला आहे. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे असे समजून बोलते.

चौदाच्या पाच का झाल्या, हे मला ठाऊक आहे. तीन महिन्यांत हाताशी एखादा स्वेटर येतो, केक फुगायला लागतो. बुद्धिबळाच्या तीन महिन्यांत सोंगट्या कशा चालतात एवढेच कळते, आणि पदरात पडते ती हार. घरी गेल्यावर मुले विचारतात, “आई, आज किती वेळा हरलीस?” दोनदा ऐकून घेतले की तिसऱ्या बुधवारी पाय निघत नाही. यात बायकांचा दोष नाही. हा खेळच असा आहे की त्याचे फळ वर्षांनी मोजावे लागते, आणि ते आधी कोणी सांगत नाही.

२०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जिया देशातल्या बाटुमी गावी महिलांचा विश्वचषक जिंकली. शेवटच्या सामन्यात तिच्यासमोर आपलीच कोनेरू हंपी होती. दिव्या तेव्हा एकोणीस वर्षांची. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली, भारतातली चौथी स्त्री. वर्तमानपत्रातला फोटो पाहून आमच्या जिन्यातल्या साऱ्याजणी म्हणाल्या, “एवढीशी पोर, काय देवाची देणगी!” देणगी असेलच. पण मला हिशेब मांडायची सवय आहे. ती पटापाशी बसली ती पाचव्या वर्षी. २०१२ साली सात वर्षांखालील मुलींत देशात पहिली आली. २०१४ साली दहा वर्षांखालील आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलींत जगात पहिली आली. २०२१ साली महिला ग्रँडमास्टर, २०२४ साली ज्युनियर मुलींत जगज्जेती. म्हणजे तो फोटो एका दिवसाचा असला तरी त्याच्यामागे चौदा वर्षांची बैठक आहे.

वयाने मोठ्या असलेल्या भगिनींना खाडिलकर भगिनी आठवत असतील. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ काढला. त्याच घराण्यातले संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची कितीतरी वर्षे हे अजिंक्यपद बहुतेक त्याच घरात राहिले. १९७९ साली जयश्री महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. भारतात हा किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. रोहिणीने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले आणि १९८१ साली हैदराबादला ती आशियाची विजेती झाली.

लोक त्यांच्या बुद्धीचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. एका घरात तिघी! म्हणजे पट मांडला की समोर बसायला कोणीतरी आहेच, आणि तेही आपल्या तोडीचे. सुगरणीचे पीठ उत्तम असले तरी पोळी लाटायला पोळपाट लागतो. बुद्धिबळात समोरचा माणूस हा पोळपाट आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरात तीन बहिणी बुद्धिबळ खेळत बसल्या आहेत? ते घर आपल्याला मंडळातच करावे लागेल.

रोहिणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पुरुषांच्या पटावर मुलगी कशी, म्हणून मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष डॉ. मॅक्स ऑयवे हे स्वतः जुने जगज्जेते. त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. आज ठाण्याच्या किंवा कल्याणच्या एखाद्या स्पर्धेत आपली मुलगी मुलांच्या रांगेत बसून खेळते आणि कोणी भुवई उंचावत नाही, त्यामागे एका तेरा वर्षांच्या मुलीचा हट्ट आहे.

आता माझ्याबद्दल थोडे. मी खेळायला लागले ती ठाण्यात. मुलाला तिथे रविवारच्या वर्गाला नेत असे, आणि आम्ही आया बाहेर पायऱ्यांवर डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तीन तास बसत असू. बसून बसून भाजीचे भाव तरी किती वेळा सांगायचे! एका बाईंनी मुलाचा जुना पट पायरीवर मांडला. तिथून माझी सुरुवात झाली, त्याला आता आठ वर्षे झाली. मुलाने अकरावीला गेल्यावर बुद्धिबळ सोडले. माझे काही सुटले नाही.

पहिली अडचण आली ती चाली लिहून ठेवण्याची. पटाच्या उभ्या पट्ट्यांना इंग्रजी अक्षरे असतात, आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण लागतात ती इंग्रजीतली आठच अक्षरे, ए पासून एच पर्यंत. आडव्या रांगांना एक ते आठ आकडे. घोडा एफ-तीनला, उंट सी-चारला, असे लिहिता आले की जगातल्या कोणत्याही माणसाचा डाव आपल्याला वाचता येतो. एका दुपारचे काम आहे. ज्या भगिनी या अक्षरांना भिऊन वर्ग सोडून गेल्या, त्यांनी ही एक दुपार मला द्यावी.

बाईमाणसाला सलग दोन तास मिळत नाहीत. मिळते ती एखादी घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. मी रोजची तेवढीच धरली. दिसायला थोडी आहे, पण वर्षाचे एकशे सेहेचाळीस तास होतात. दुपारची भांडी झाल्यावर, नाहीतर डोंबिवलीहून ठाण्याला धीम्या गाडीने जाताना कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा होईपर्यंत. बायका गाडीत वाटाणे सोलतात, मी पुस्तकातले एक कोडे सोडवते. ‘पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.’ उत्तर मिळेपर्यंत पान उलटायचे नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जिथे दुधाचा खाडा मांडतो, तिथेच बुद्धिबळाचाही खाडा मांडते. महिन्याच्या शेवटी दोन्ही हिशेब डोळ्यांसमोर येतात.

आणि एक सांगते, तीच कोडी पुन्हा पुन्हा सोडवायची. नवे पुस्तक घ्यायचा मोह होतो, तो आवरायचा. पहिल्या खेपेला एका कोड्याला दहा मिनिटे लागतात, चौथ्या खेपेला पाहताक्षणी दिसते. काहीजणी म्हणतात, हे तर पाठांतर झाले. थोडेसे तसेच आहे, पण त्याचा उपयोग वेगळा आहे.

रांगोळीचेच पाहा. ठिपक्यांची रांगोळी नवख्या मुलीला दाखवून पुसली, तर तिला चार ठिपके आठवतील. आपल्याकडच्या एखाद्या आजींना दाखवली, तर त्या म्हणतील, हे मधे कमळ आणि चार कोपऱ्यांत शंख, आणि जशीच्या तशी काढून देतील. त्यांना ठिपके दिसतच नाहीत, आकृती दिसते. चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली बुद्धिबळात हेच दाखवले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर कसलेला खेळाडू जवळजवळ सगळा पट मांडून दाखवतो, आणि नवख्याला चार-पाच सोंगट्या जेमतेम आठवतात. पण त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, की त्या कसलेल्या खेळाडूचीही गत नवख्यासारखीच होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नाही. त्याने हजारो आकृत्या ओळखीच्या करून ठेवल्या आहेत. त्याच दोघांनी लिहिले आहे की सुमारे दहा वर्षांच्या कसून तयारीशिवाय कोणी ग्रँडमास्टर झालेला दिसत नाही. हे वाचून मला तर हायसे वाटले. दहा वर्षे लागणाऱ्या गोष्टीत तीन महिन्यांची हार ती काय!

शिकायचे कुठून, असे पुष्कळजणी विचारतात. वर्गांतून मुलांना पहिल्या दिवसापासून डावाच्या सुरुवातीच्या चाली घोकायला लावतात, इटालियन, सिसिलियन आणि काय काय. माझे मत उलटे आहे. शेवटापासून शिकावे. क्युबाचा कॅपाब्लांका, जो १९२१ ते १९२७ जगज्जेता होता, तोही हेच सांगत असे. पटावर सोंगट्या थोड्या उरल्या की एकेकीची ताकद नीट कळते. एका बाजूला राजा आणि हत्ती, दुसऱ्या बाजूला एकटा राजा. हत्तीने आडवी भिंत घालायची. आपला राजा जवळ आणायचा. दोन्ही राजे समोरासमोर आले आणि मधे एकच घर राहिले, की हत्तीने आडवा शह द्यायचा. समोरच्या राजाला एक रांग मागे जावेच लागते. असे करत करत तो कडेला जातो, आणि तिथे मात. हे वीस वेळा करून पाहिले की हाताला येते.

तसेच प्याद्याचे. आपले प्यादे मोकळ्या वाटेने वजीर व्हायला धावते आहे आणि समोरचा राजा पाठीमागे लागला आहे. तो गाठील का? बोटे मोडून मोजत बसू नये. प्यादे उभे आहे त्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जितकी घरे, तितक्याच लांबीचा चौकोन त्या राजाच्या बाजूला मनाने आखावा. राजा चौकोनात आहे, किंवा त्याची चाल असून आत पाय टाकू शकतो, तर प्यादे गेलेच. नाहीतर वजीर झालाच. आमच्या इमारतीतले एक आजोबा म्हणतात, आमच्या देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जात असे, तुमचे हे दोन घरांचे विलायती खूळ. असू दे, प्यादे आपल्या पहिल्या घरातून एकदा हलले, की चौकोन मात्र दोन्हीकडे तोच.

तिसरी गोष्ट, डाव लिहून ठेवावा आणि हरलेला डाव त्याच दिवशी पुन्हा पटावर लावावा. जिंकलेला ठेवा बाजूला, तो सुखाचा आहे. हल्ली मोबाइलमधले यंत्र क्षणात सांगते की अमुक चाल चुकली. पण ती चाल करताना आपल्या मनात काय होते, हे यंत्राला कुठून कळणार? ते आपणच आठवावे लागते, आणि त्यासाठी यंत्राच्या आधी स्वतः पाहावे लागते. वर्गातल्या मुलींच्या वह्या मी बघते. हार बहुतेक एकाच कारणाने असते. समोरच्याने आत्ता चाल का केली, हे न विचारता आपलीच चाल पुढे रेटलेली असते. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात, त्याला मी चिवडा म्हणते. तोंड चालते, पोट भरत नाही. सणावारी चिवडा चालतो, रोजचे जेवण तो नव्हे.

मधे एक काळ असा येतो की काही केल्या पाऊल पुढे पडत नाही. मला असे सव्वा वर्ष गेले. इमारतीच्या कट्ट्यावर निवृत्त गृहस्थ संध्याकाळी पट मांडतात, त्यांच्याशी मी खेळत असे. पहिल्या वर्षी सगळे डाव हरले. तिसऱ्या वर्षी काही बरोबरीत सुटू लागले, आणि तिथेच गाडी अडली. कोडी चालू, वही चालू, आणि फळ शून्य. लोणचे मुरताना वरून काहीच दिसत नाही, तसे ते दिवस. आता पाचव्या वर्षापासून तेच गृहस्थ म्हणतात, “वहिनी, आज जरा घाई आहे, उद्या खेळू.”

हार मोजताना आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. खेळाडूंना जे एलो गुणांकन देतात, ते अमेरिकेतल्या अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकांनी बसवले आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारले. त्यात दोनशे गुणांचे अंतर असले, तर वरचढ खेळाडूकडून चारांत तीन गुणांची अपेक्षा धरतात. म्हणजे उघड उघड वरचढ असलेल्यालाही चारांतला एक गुण सोडावा लागतो. आपण बरोबरीच्या असताना दोन डाव हरलो म्हणून बुद्धी नाही असे ठरत नाही.

आता ज्यासाठी मी मुख्यत्वे उभी राहिले, त्याकडे येते. वर्गातली एक मुलगी यंदा नववीत गेली. चार वर्षे ती खेळते आहे, आणि आता कुठे तिला आकृत्या दिसायला लागल्या आहेत. तिच्या घरी ठरले आहे की दहावी होईपर्यंत पट माळ्यावर. हे एकाच घरी नाही. नववीपर्यंत मुली दिसतात, नंतर दिसत नाहीत, मुले मात्र दिसतात. मुलगा खेळला तर ‘डोक्याला विरंगुळा’ आणि मुलगी खेळली तर ‘अभ्यासाचे नुकसान’, हे गणित मला सुटलेले नाही.

मी तिच्या आईला खोटे सांगणार नाही. बुद्धिबळाने गणितात गुण वाढतात, असे पुष्कळ वर्गवाले सांगतात. इंग्लंडात शंभर शाळांतल्या मुलांवर हे तपासून पाहिले, त्याचा अहवाल २०१६ साली आला, आणि वर्षभराने गणितात काही फरक आढळला नाही. तेव्हा गुणांसाठी खेळू नका. ज्याला आवडते त्याने आवडते म्हणून खेळावे. मी मागते ती स्पर्धा नव्हेत, प्रवास नव्हेत, क्लासची फी नव्हे. रोजची एक घटका आणि बुधवारचा एक तास मागते. तेवढे राहिले, तर दहावीनंतर तिला पुन्हा ए-बी-सी पासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणि आयांनी स्वतः शिकावे. विश्वनाथन आनंदला सहाव्या वर्षी बुद्धिबळ शिकवले ते त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी. फिलिपाइन्समध्ये मनिला शहरी राहत असताना तिथल्या दूरदर्शनवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम असे, तेव्हा हा शाळेत. आई दुपारी बसून ती कोडी उतरवून घेई, आणि संध्याकाळी दोघे मिळून सोडवीत. जगज्जेता पुढे झाला, पण दुपारची ती वही एका गृहिणीची होती.

आता वय झाले, असे म्हणणाऱ्यांना हंपीकडे पाहावे असे सांगेन. २०१७ साली तिला मुलगी झाली, जवळजवळ दोन वर्षे ती खेळापासून दूर होती. २०१९ च्या डिसेंबरात मॉस्कोला ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली, आणि २०२४ साली न्यूयॉर्कला पुन्हा. अर्थात ती पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झालेली, आपली तिची बरोबरी नाही. चाळिशीत सुरू केलेल्या बाईला जग जिंकायचे नाही. पण कट्ट्यावरचे गृहस्थ घाईत आहेत असे म्हणू लागतात, एवढे नक्की होते.

सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. गाव मुंबईइतके मोठे नाही, पण तिथे वर्षानुवर्षे पट मांडला जात राहिला, स्पर्धा होत राहिल्या. सांगलीच्याच स्वाती घाटे पुढे महिला ग्रँडमास्टर झाल्या. किती जण आले आणि किती गेले, हे पाहून त्यांनी खोली बंद केली असती तर?

कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच आहे की, बुधवारची खोली एका वर्षासाठी नव्हे, पाच वर्षांसाठी द्यावी. शिवणवर्गाच्या बाईंशी मी बोलले आहे. त्यांना मंगळवार आणि शुक्रवार चालतो. वेळ दुपारी साडेतीन ते साडेचार, म्हणजे शाळेतून मुले येईपर्यंत घरी जाता येते. नववी-दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळी सहाचा आणखी एक तास मी स्वतः बसेन, त्याचे शुल्क नाही. मंडळाकडे पट सहा आहेत. एका पटातला काळा घोडा हरवला आहे, त्याच्या जागी सध्या बाटलीचे बूच ठेवतो. कोणाच्या माळ्यावर जुना पट पडून असेल, तर चिटणीसबाईंकडे आणून द्यावा.